गुन्हा किती ग्रॅमचा?

१४ नोव्हेंबर म्हटलं की आम्हा मास्तर-बाई मंडळींना बालदिन आठवतो. गुलाबाची फुलं, वक्तृत्व स्पर्धा आणि चाचा नेहरूंवरची पाठ केलेली भाषणं. पण याच तारखेला, १९८५ साली, आपल्या देशात एक कायदा लागू झाला, ज्याने पुढे कितीतरी पोरांचं आयुष्य ठरवलं. 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम' असं त्याचं लांबलचक नाव. पोलीस, वकील, वर्तमानपत्रं सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात, मीही तेच म्हणते.

परवा भाचीने विचारलं, "मावशी, नशा करणाऱ्या पोराला तुरुंगात टाकायचं की दवाखान्यात, हे कायद्यात कुठे लिहिलंय का?" लिहिलंय की! पहिल्या दिवसापासून लिहिलंय. पण कसं लिहिलंय आणि त्याचं पुढे काय झालं, ते तिला फोनवर सांगता येईना. म्हणून हा लेख.

अफू-गांजा आपल्याकडे नवा नव्हे. गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका एके काळी तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवून जात, हे मुंबईच्या इतिहासात नोंदलेलं आहे. इंग्रजांनी १८५७ आणि १८७८ साली अफूचे कायदे केले, ते मुख्यतः महसुलासाठी. १९३० साली 'धोकादायक औषधां'चा कायदा आला. त्यात शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं, पुन्हा सापडला तर चार. म्हणजे कायदा होता, पण त्याचा दात फार मोठा नव्हता.

दुसऱ्या बाजूला, तरुण गुन्हेगाराला तुरुंगापासून लांब ठेवायचं, हा विचारही आपल्याकडे जुना आहे. माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा १८५७ ची. मुंबई इलाख्याचा बालकांचा कायदा १९२४ चा. १९२९ साली बोर्स्टल शाळांचा कायदा झाला, तो सोळा ते एकवीस या वयाच्या पोरांसाठी. आणि मला सगळ्यात आवडतो तो १९५८ चा परिवीक्षा कायदा, म्हणजे प्रोबेशनचा. त्याचं सहावं कलम सांगतं की आरोपी एकवीस वर्षांखालचा असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर शक्यतो त्याला तुरुंगात पाठवू नका. पाठवायचंच असेल तर न्यायाधीशांनी कारण लेखी द्यायचं. त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा. घर कसं आहे, मुलगा कसा आहे, आधी काही केलंय का, हे बघायचं. एखाद्या शिक्षकाने लिहावा तसा हा कायदा आहे! मुलाकडे आधी बघा आणि मग गुन्ह्याकडे, असं त्याचं म्हणणं.

आता १९८५ कडे येऊ. त्याआधी १९६१ साली संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थांवरचा करार झाला होता, त्यावर भारताची सही होती. १९७२ साली त्याला एक पुरवणी जोडली गेली. व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी किंवा शिक्षेच्या जोडीला उपचार देता येतील, अशी मुभा तिने सदस्य देशांना दिली. आपल्या एनडीपीएसमध्ये ३९ वं कलम आलं ते याच धर्तीवर. व्यसनी माणूस दोषी ठरला तर न्यायालय त्याला लगेच शिक्षा न सुनावता, त्याच्या संमतीने, सरकारी किंवा सरकारमान्य दवाखान्यात पाठवू शकतं. त्याने बंधपत्र लिहून द्यायचं, वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल आणायचा. अहवाल बरा असला तर समज देऊन सोडता येतं.

वाचायला छान आहे ना? पण हे दार उघडण्याची किल्ली त्याच कायद्याच्या २७ व्या कलमात होती. 'अल्प प्रमाण' आणि 'स्वतःच्या सेवनासाठी', या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच हे दार. आणि अल्प म्हणजे किती? हेरॉइनचं २५० मिलिग्रॅम. पाव ग्रॅम! चरस पाच ग्रॅम, गांजा पाचशे ग्रॅम. माल स्वतःसाठीच होता हे सिद्ध करायची जबाबदारीही आरोपीवर. पाव ग्रॅमच्या आत असाल तर वर्षभरापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा उपचार. पाव ग्रॅमच्या पुढे गेलात की किमान दहा वर्षं आणि किमान एक लाख रुपये दंड. मधे पायरीच नाही.

आणि परिवीक्षेचा कायदा? तो एनडीपीएसच्या ३३ व्या कलमाने बाजूला काढला. अपवाद दोनच ठेवले. एक, छोट्या कलमांखालचे गुन्हे. दुसरा, आरोपी अठरा वर्षांखालचा असणं. १९५८ साली एकवीसपर्यंत असलेली सवलत १९८५ साली अठरावर आली. अठरा ते एकवीस ही तीन वर्षं गळली. आता तुम्हीच सांगा, पोरं व्यसनात कोणत्या वयात सापडतात?

ही तीन वर्षं मला कागदावर कळली नाहीत, ती लालबाग-परळमध्ये कळली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच सुमाराला मुंबईत ब्राऊन शुगर उतरली. इराण आणि अफगाणिस्तानात १९७९ साली उलथापालथ झाली आणि तिकडच्या हेरॉइनला नव्या वाटा हव्या होत्या, त्यातली एक आपल्याकडून गेली. लोक तिला गर्द म्हणत. सिगरेटच्या पाकिटातली चांदी घ्यायची, त्यावर चिमूटभर पूड, खालून काडी, आणि धुराच्या मागे तोंड. सुई नाही, रक्त नाही, म्हणून पोरांना ते दारूपेक्षाही साधं वाटायचं. चार-सहा आठवड्यांत 'टर्की' सुरू व्हायची, म्हणजे माल नाही मिळाला की नाक-डोळे वाहणं, हाडं मोडून येणं, जुलाब, झोप उडणं. 'गर्दुल्ला' हा शब्द मराठीत तेव्हाच आला. शब्द तुच्छतेचा, आणि एकदा चिकटला की त्या पोराचं नावच कुणी घेत नसे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. १९८७ साली दहावी पास झाला, जेमतेम. वडील गिरणीत होते, ती पुन्हा सुरू झालीच नाही. हा मुलगा १९९० साली पकडला गेला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. खिशात पाच-सहा पुड्या, वजन भरलं अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. त्यातल्या दोन-तीन तो इतरांना देणार होता, म्हणजे त्यावर स्वतःची सुटायची. बहुतेक गर्दुल्ल्यांचं अर्थशास्त्र हेच असतं. विकणारा आणि ओढणारा अशी दोन वेगळी माणसं कायद्याला हवी असतात, गल्लीत ती पुष्कळदा एकच असतात. (मोठ्या विक्रेत्यांबद्दल मला काडीची दया नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझी धाकटी जाऊ हा परिच्छेद वाचून फोन करणार, हे मला माहीत आहे.)

त्याची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, तुम्ही लिहून द्या, पोरगं चांगलं होतं म्हणून. साहेब तुमचं ऐकतील." मी शाळेच्या कागदावर चांगल्या वर्तणुकीचा दाखला लिहून दिला, शिक्क्यासकट. वकिलांनी तो वाचला, घडी घातली आणि परत दिला. म्हणाले, "बाई, या केसमध्ये वर्तणूक नाही, वजन बघतात." परिवीक्षेचा कायदा लागू असता तर त्या दाखल्याला किंमत होती. इथे तराजूपुढे तो नुसता कागद होता.

जामीन मिळाला नाही. १९८९ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यात जामीन मिळायचा तर आरोपी निर्दोष असावा असं न्यायालयाला सकृद्दर्शनी वाटलं पाहिजे, आणि बाहेर पडून तो गुन्हा करणार नाही असंही. अडीच वर्षं तो आत होता. मग खटला चालला आणि झडतीच्या पंचनाम्यातल्या उणिवांमुळे तो निर्दोष सुटला. आईने पेढे वाटले. पण गंमत बघा (गंमत कसली!), उपचाराचं कलम दोषी ठरलेल्यासाठी होतं, तेही पाव ग्रॅमच्या आतल्यासाठी. हा पाव ग्रॅमच्या बाहेरचा आणि वर निर्दोष. म्हणजे अडीच वर्षं सरकारच्या ताब्यात राहून एकही दिवस कुणी त्याच्या व्यसनाकडे बघितलं नाही. दीड वर्षाने तो गेला. चोवीसही पुरी झाली नव्हती.

ग्रॅमांचा हा हिशोब किती विचित्र वळण घेतो, याचं गोव्यातलं एक उदाहरण वकील मंडळी आजही देतात. एका परदेशी माणसाकडे चरसचे दोन तुकडे सापडले. पोलिसांनी एकच प्रयोगशाळेत पाठवला, तो पाच ग्रॅमच्या आत भरला. खालच्या न्यायालयाने दहा वर्षं दिली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जो तुकडा तपासला तेवढाच चरस धरता येईल. दहा वर्षांची शिक्षा सहा महिन्यांवर आली. निकाल योग्यच आहे. पण माणूस तोच, तुकडेही तेच, आणि दहा वर्षं की सहा महिने हे ठरलं पाकिटात काय घातलं यावर.

आता दाराच्या दुसऱ्या बाजूचं. न्यायाधीशांनी उपचाराला पाठवायचं ठरवलं, तर पाठवायचं कुठे? तेव्हा अशी केंद्रं बोटांवर मोजण्याइतकी. वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केलं होतं. पुण्यात अनिल अवचट गर्दवर लिहीत होते. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या, त्यांच्यासमोर ही पोरं रोज येत होती. अवचटांचं लिखाण वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू झालं, मनोरुग्णालयाच्याच आवारात. म्हणजे कायदा आला आणि साडेनऊ महिन्यांनी आपल्याकडे एक दार उघडलं, तेही एका लेखकाच्या खिशातल्या पैशांनी! पुलंच्या विनोदाबद्दल आपण पुष्कळ बोलतो, या एक लाखाबद्दल त्या मानाने कमी.

मुक्तांगणने काय केलं ते थोडं सांगायला हवं, कारण उपचार म्हणजे गोळ्या आणि सलाइन अशी आपली समजूत असते. टर्की आठ-दहा दिवसांत ओसरते, शरीर मोकळं होतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. सकाळी व्यायाम, कामाच्या पाळ्या, गटात बसून बोलणं, आणि समुपदेशक म्हणून पुष्कळदा स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं. त्यांना फसवणं अवघड, कारण सगळ्या थापा त्यांनीही मारलेल्या असतात. बायका-आईवडिलांनाही बोलावून घ्यायचं. बाहेर पडल्यावर पाठपुरावा. आणि पुन्हा प्यायला-ओढायला लागला तर त्याला 'स्लिप' म्हणायचं, परत या म्हणायचं. अनिताताई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. त्यांची मुलगी मुक्ता हिने पुढे ते काम सांभाळलं.

या 'स्लिप'पाशी कायदा आणि दवाखाना यांचं जमत नाही. कायद्याला वर्षात अहवाल हवा, उपचार 'पूर्ण' झाला पाहिजे. आजार मात्र दोनदा, तीनदा उलटतो. आम्ही नापास मुलाला ऑक्टोबरला बसवायचो, पुन्हा मार्चला बसवायचो, कॉलेजात तर एटीकेटी असते. इथे एका पेपरात गेलात की संपलं.

१९८९ साल तर मोठं बोलकं आहे. मे महिन्यात आपल्याकडची दुरुस्ती लागू झाली. जामीन अवघड झाला, मोठ्या साठ्यासह पुन्हा सापडणाऱ्याला फाशीची तरतूद झाली, शिक्षेत सूट बंद झाली. त्याच वर्षी अमेरिकेत, मायामी शहरात, कोकेनच्या खटल्यांनी तुरुंग भरून वाहायला लागले म्हणून वेगळं 'ड्रग कोर्ट' सुरू झालं. स्टॅन्ले गोल्डस्टीन हे तिथले न्यायाधीश. तिथल्या सरकारी वकील जॅनेट रेनो या कल्पनेच्या पाठीशी होत्या, त्या पुढे १९९३ साली देशाच्या ॲटर्नी जनरल झाल्या. आरोपीने उपचार घ्यायचे, ठरावीक दिवसांनी लघवीची तपासणी, आणि त्याच न्यायाधीशांसमोर पुन्हा पुन्हा हजेरी. न्यायाधीश नावानिशी विचारणार, या आठवड्यात कसं चाललंय? साधारण वर्षभर टिकला की खटला मागे. आज तिकडे अशी तीन हजारांहून जास्त न्यायालयं आहेत. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून किशोरांसाठीही वेगळी निघाली. पण खरं सांगायचं तर प्रौढांमध्ये जो गुण आला तेवढा किशोरांमध्ये आला नाही. टीका अशीही झाली की ज्या पोराला पूर्वी दम देऊन घरी सोडलं असतं, ते आता वर्षभर कोर्टाच्या दावणीला बांधलं जातं. म्हणजे नुसतं 'उपचार' असं नाव दिलं की झालं, असंही नाही. मला त्यातली एकच गोष्ट भावते, न्यायाधीशांनी पुन्हा भेटणं. आपल्या ३९ व्या कलमात अहवाल पुन्हा येतो, मुलगा आणि न्यायाधीश यांनी पुन्हा पुन्हा बोलावं असं त्यात काही नाही.

आपल्याकडे शहाणपण यायला २००१ उजाडलं. दुरुस्ती लागू झाली २ ऑक्टोबरला. (तारखा निवडण्याची हौस सरकारला फार.) आता तीन पायऱ्या झाल्या, अल्प, मधलं आणि व्यापारी प्रमाण. हेरॉइनचं अल्प प्रमाण पाच ग्रॅम झालं, व्यापारी अडीचशे ग्रॅम. मधल्या पायरीवर किमान शिक्षा उरली नाही. ३९ वं कलम अल्प प्रमाणाच्या इतर गुन्ह्यांनाही लागू झालं. आणि ६४-अ हे कलम सुधारलं. अल्प प्रमाणासह सापडलेला व्यसनी आपणहून उपचाराला गेला आणि त्याने ते पुरे केले, तर त्याच्यावर खटलाच चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ती माफी काढून घेता येते. माझ्या विद्यार्थ्याचा अर्धा ग्रॅम आज 'अल्प'च्या कितीतरी आत बसला असता. अकरा वर्षं उशीर झाला, एवढंच.

अठरा वर्षांखालच्या मुलांचा रस्ता वेगळा आहे. त्यांच्यासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा. त्याच्या १८ व्या कलमात मंडळाला मुलाला व्यसनमुक्ती कार्यक्रमात पाठवण्याचा आदेश देता येतो, शाळेत जाण्याचा देता येतो, ठरावीक ठिकाणी न फिरकण्याचाही देता येतो. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मुलाकडून माल विकवून घेणाऱ्यालाही तसंच. इथे कायदा नीट ओळखतो की पुडी पोचवणारं पोर हे हत्यार आहे, ते उगारणारा हात दुसऱ्या कुणाचा तरी असतो.

मात्र लहान मुलांची नशा गर्दची नसतेच मुळी. २०१९ साली एम्सच्या केंद्राने केलेलं देशभराचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन वगैरे, दहा ते सतरा वयाच्या मुलांमध्ये प्रौढांच्या साधारण दुप्पट निघालं. सगळ्या नशांमध्ये ही एकच अशी की जिच्यात मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत. मदतीची गरज असलेली मुलं सुमारे ४.६ लाख! आणि सोल्युशन एनडीपीएसमध्ये नाही. स्टेशनवरचं पोर रुमाल तोंडाला लावून बसलेलं दिसतं, ते पकडलं जातं मोबाइल चोरला म्हणून. कागदावर चोरी येते, रुमाल येत नाही. मंडळापुढचा अहवाल लिहिणाऱ्या माणसाने विचारलं तरच व्यसन कळणार.

आता ज्याबद्दल सगळ्यांनाच बोलायचं असतं, ते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा अठराला काही महिने कमी. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट घातली गेली. देशभर संताप झाला. तो मलाही आला. दोन घरं उजाडली आणि इकडे निबंध! आयुष्यभर निबंध तपासले मी, तीनशे शब्दांत कुणी सुधारलेलं पाहिलं नाही.

पण त्या आदेशात आणखीही अटी होत्या. दारू सोडण्यासाठी डॉक्टरांकडे जाणं आणि समुपदेशन. निबंधावर हजार विनोद आले माझ्या फोनवर, या अटींवर एकही ओळ नाही. रागाच्या भरात लोकांनी 'उपचार' या शब्दालाच श्रीमंतांची पळवाट ठरवून टाकलं, त्याचं मला जास्त भय वाटलं. कारण ही पळवाट बंद झाली तर श्रीमंतांचं काही अडत नाही, त्यांचे डॉक्टर घरी येतात. अडतं ते चाळीतल्या, झोपडीतल्या पोराचं. तीन दिवसांनी मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. २५ जून २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला तिथून काढून आत्याच्या ताब्यात द्यायला सांगितलं, आणि मानसोपचाराची भेट मात्र चालू ठेवायला सांगितली. बातम्यांत पहिलं वाक्य मोठ्या अक्षरात आलं, दुसरं आतल्या पानावर.

भाचीला मी हा लेख पाठवते आहे. ती वकिली शिकते, त्यामुळे ३३, ३९ आणि ६४-अ ही तीन कलमं तिने एकापुढे एक ठेवून वाचावीत, एवढंच सांगितलंय. आणि वाचताना आरोपीचं वय एकोणीस धरायचं.